मागील बाजूस पेन्सिलीने किरकोळ नोंदी

उंबरठेवाली यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहिलं फारच कमी. आज लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की सगळे एकच विचारतात, "मग तुला आनंद व्हायला नको का?"

मी चित्रकार. अकरा वर्षांपूर्वी मी कागदावरच्या ठशांची एक चित्रमालिका केली होती. एक वस्ती पाडली जाणार होती. त्याआधीच्या तीन आठवड्यांत मी घरोघर जाऊन उंबरठ्यांचे ठसे घेतले. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच. फक्त कागद मोठा आणि पेन्सिलीऐवजी ग्रॅफाइटची जाड कांडी. उंबरठ्यावर पातळ कागद अंथरायचा, कडा चिकटपट्टीने धरायच्या आणि गुडघ्यांवर बसून घासत राहायचं. पाय पडून पडून लाकूड जिथे खोलगट झालेलं असतं तिथे कागद पोकळीवर तरंगतो, ग्रॅफाइट बसत नाही, ठशात तेवढा भाग फिकट उतरतो. प्रत्येक घराचा फिकट भाग वेगळा. एका घरी तो पार डाव्या टोकाला होता, कारण उजवीकडे कायम सायकल लावलेली असायची.

ठसा झाला की घरातल्या कुणालातरी कागदाच्या मागे काहीतरी लिहायला सांगायचे. काय हवं ते. असे नऊ कागद झाले. बहुतेकांनी नाव आणि या घरात कधी आलो ते वर्ष लिहिलं. एका आजींनी लिहिलं, "उंबरठा दोनदा बदलला. दुसरा यांनी स्वतः बसवला." एका छोट्या मुलाने नुसती आपली उंची लिहिली. प्रदर्शनात हे कागद मी दोरीवर टांगले होते, दोन्ही बाजूंनी फिरून बघता येतील असे.

शेवटी नऊच्या नऊ एका ओळखीच्या गृहस्थांनी घेतले, जेमतेम प्रदर्शनाचा खर्च निघेल एवढ्या पैशांत. पावती वहीच्या कागदावर. मला पैशांची गरज होती, त्यांनी प्रेमाने घेतले, त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या महिन्यात तो संच लिलावात निघाला. एका विद्यार्थिनीने कॅटलॉगचं पान पाठवलं म्हणून मला कळलं, नाहीतर कुणी कळवलंही नसतं. मी विकला त्याच्या अठरा पट किमतीला गेला. पानावर आकार, वर्ष, माध्यम सगळं बिनचूक. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: 'मागील बाजूस पेन्सिलीने किरकोळ नोंदी.'

घेणारी एक बांधकाम कंपनी आहे. ती वस्ती पाडणारी हीच नव्हे, पण धंदा तोच. त्यांच्या नव्या कार्यालयात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर ते नऊ कागद लागलेत आणि उद्घाटनाला 'कलाकाराशी संवाद' ठेवलाय. मला बोलावणं आलंय. मानधन आहे, आणि ते मला नऊ कागदांचे मिळून मिळाले होते त्याहून जास्त आहे!

तर मला विचारायचंय ते असं. त्या अठरा पटीतलं माझं काही निघतं का? या कार्यक्रमाला जावं का? आणि त्यांनी पाठवलेल्या फोटोत कागद फ्रेममध्ये घालून भिंतीला लावलेले दिसतात, मग मागचं काय झालं असेल? खरं सांगायचं तर झोप उडालीय ती या शेवटच्या प्रश्नामुळे.

---

हातमोजे यांचा प्रतिसाद:

ताई, मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोहोंवर इथे भरपूर जण बोलतील. माझं काम चित्रं बांधायचं, हलवायचं, टांगायचं. चौदा वर्षं झाली. चित्राची पुढची बाजू सगळे बघतात, आम्ही आधी मागची बघतो. कुठल्या प्रदर्शनाचं लेबल आहे, कुठल्या गोदामाचा क्रमांक आहे, जुनी चौकट बदललीय का. चित्राचा सगळा प्रवास मागे असतो. त्यामुळे 'किरकोळ नोंदी' हे कुणी लिहिलं असेल ते मला डोळ्यासमोर दिसतंय. दिवसाला चाळीस वस्तूंचा स्थिती-अहवाल लिहिणारं एखादं पोरगं. त्याने वाईट हेतूने लिहिलेलं नाही. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असलं की साच्यात तेच वाक्य टाकायचं असतं.

आता मुद्द्याचं. पहिली गोष्ट, कंपनीला विचारा की कागद पाठीवर कसे बसवलेत. दोन शक्यता. जपानी कागदाच्या पट्ट्यांची बिजागरी करून, गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला धरले असतील, तर मागचं सगळं शाबूत आहे आणि थोड्या ओलाव्याने ती बिजागरी सुटते. पण उष्णतेने वितळणारा कागद मध्ये घालून दाबयंत्रात पूर्ण पाठ चिकटवली असेल, तर विषय अवघड. तसं केलं की कागद भिंतीवर अगदी सपाट, इस्त्री केल्यासारखा दिसतो, म्हणून कार्यालयांची सजावट करणाऱ्यांना ते आवडतं. त्यांचा फोटो मोठा करून बघा. कडेला किंचित लाट दिसली तर देवाचे आभार माना.

दुसरी गोष्ट, समोर काच आहे की ॲक्रिलिक? ॲक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि सुटी भुकटी ओढून घेते. तुमचं ग्रॅफाइट घासून बसवलेलं आहे, वरून स्थिरक (भुकटी जागच्या जागी धरून ठेवणारा फवारा) मारलाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर साफसफाईवाला रोज सकाळी फडकं मारणार आणि तुमचा ठसा कणाकणाने उठून समोरच्या ॲक्रिलिकला चिकटणार.

तिसरी, उजेड. कागदावरच्या कामाला संग्रहालयात साधारण ५० लक्स ठेवतात. ऑफिसच्या दर्शनी भागात काचेच्या भिंतीतून किती येतो याचा हिशोब न केलेला बरा.

त्या अठरा पटीबद्दल एकच सांगतो. जाहीर होणाऱ्या आकड्यात बहुतेक वेळा घेणाऱ्याकडून लिलावगृह घेतं ते शुल्कही धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी पडतं. शिवाय सुरुवातीच्या सगळ्या बोल्या खऱ्या असतातच असं नाही. विकणाऱ्याने एक राखीव किंमत ठरवलेली असते, त्याखाली विकायचं नाही अशी. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर लिलाव करणारा त्याच्या वतीने हवेतल्या बोल्या घेऊ शकतो, झुंबराकडे बघून घेतो म्हणतात. नियमात बसतं ते. खोलीतल्या नवख्या माणसाला वाटतं मागे कुणीतरी हात वर केला.

---

बाजारभाव यांचा प्रतिसाद:

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

तुम्ही विकलंत. ज्यांनी घेतलं त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं. किंमत निम्म्यावर आली असती तर त्यांना अर्धे पैसे परत केले असते का तुम्ही?

हे भांडण जुनं आहे. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट स्कल या टॅक्सी कंपनीच्या मालकाने आपल्या संग्रहातल्या ५० कलाकृती लिलावात काढल्या. रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकाराचं एक काम त्याने ९०० डॉलरना घेतलं होतं, ते ८५,००० ला गेलं. राउशेनबर्ग तिथे हजर होता, त्याने स्कलला धक्का मारला. स्कलचं म्हणणं असं की बाबा रे, तुझ्या पुढच्या चित्रांचा भाव मीच वाढवून दिलाय. उद्धटपणा सोडा, पण यात चूक काय? ताई, तुमच्या घरात बाकीची कामं पडली असतीलच ना? त्यांचा भाव आज कालच्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यासाठी तुम्ही दमडी खर्च केलेली नाही.

कायद्याचं म्हणाल तर लिलाव कुठल्या देशात झाला त्यावर सगळं आहे. फ्रान्सने १९२० मध्येच पुनर्विक्रीत कलाकाराला वाटा दिला. युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशाने तो सगळीकडे लागू करायला लावला, ब्रिटनमध्ये २००६ पासून आला. पण दर बघा. पहिल्या ५०,००० युरोंपर्यंत साधारण ४ टक्के, पुढे घटत घटत पाव टक्का, आणि एका विक्रीमागे फार तर १२,५०० युरो. अमेरिकेत देशपातळीवर काहीच नाही. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये ५ टक्क्यांचा कायदा केला होता. न्यायालयांत तो झिजत झिजत २०१८ मध्ये एवढाच उरला की १९७७ या एका वर्षात झालेल्या विक्रींना लागू!

जा, मानधन घ्या, दोन शब्द छान बोला. त्यांनी तुमचं काम भिंतीवर लावलंय, गोदामात नाही टाकलेलं. बड्या संग्राहकांची कितीतरी चित्रं करमुक्त गोदामांत खोक्यात बसून मालक बदलतात, एकदाही उजेड न बघता.

---

पाणकोंबडी यांचा प्रतिसाद:

वाचनखूण साठवली. हातमोजे, तुम्ही वेगळा धागा काढाच. सायकलीमुळे डावीकडे झिजलेला उंबरठा डोक्यातून जाईना.

---

जुनी मास्तरीण यांचा प्रतिसाद:

बाजारभाव यांनी स्कलची गोष्ट अर्धीच सांगितली. त्या दिवशी लिलावगृहाच्या बाहेर त्याच्याच धंद्यातले टॅक्सीचालक निदर्शनं करत उभे होते. आत चित्रांचा भाव फुटत होता आणि बाहेर ज्यांच्या घामावर तो संग्रह उभा राहिला ते लोक. मी वर्गात ही गोष्ट सांगायचे तेव्हा मुलांना धक्काबुक्की लक्षात राहायची, टॅक्सीवाले नाही.

आणि फ्रान्सचा कायदा काही आकाशातून पडला नाही. मिले या फ्रेंच चित्रकाराचं 'आंजेलुस' हे चित्र १८८९ मध्ये लिलावात ५,५३,००० फ्रँकना गेलं. मिले त्याच्या चौदा वर्षं आधीच वारला होता, आणि त्याच्या वारसांना त्यातलं काही मिळायची सोयच नव्हती. हे उदाहरण पुढे लोकांच्या तोंडी झालं. "भाव पडला तर परत द्याल का" हा युक्तिवाद तेव्हाही होताच. लेखकाला प्रत्येक आवृत्तीमागे मानधन मिळतं, पुस्तकं पडून राहिली म्हणून आपण ते परत मागतो का? चित्रकाराची आवृत्ती एकच असते, तिची कमाई पुढच्या विक्रीतच होणार.

पण उंबरठेवाली, तुमचं दुखणं पैशांचं नाही असं मला वाटतं. तुम्हाला वाटतंय की ज्यांच्याविरुद्ध बोललात त्यांनीच ते बोलणं विकत घेतलं. यावर मी बरीच वर्षं विचार करतेय आणि मत दोनदा बदललंय.

हान्स हाके या कलाकाराचं बघा. १९७१ मध्ये गुगनहाइम संग्रहालयात त्याचं प्रदर्शन ठरलेलं. त्यातल्या एका कामात मॅनहॅटनमधल्या एका घरमालकाच्या इमारतींचे १४२ फोटो, आणि त्यांच्या मालकीचे, गहाणखतांचे सगळे तपशील, सरकारी दफ्तरातून काढलेले. एकही विशेषण नाही. संग्रहालयाने प्रदर्शन रद्द केलं आणि हाकेची बाजू घेणाऱ्या क्युरेटरला नोकरीवरून काढलं. तेच काम २००७ मध्ये न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयाने बार्सिलोनाच्या संग्रहालयाबरोबर मिळून विकत घेतलं. छत्तीस वर्षांत कामातलं एक अक्षर बदललं नव्हतं. पूर्वी मी म्हणायचे, बघा, शेवटी सत्याला भिंत मिळते. आता म्हणते, धार कमी झाल्यावरच भिंत मिळाली.

त्याच व्हिटनीत २०१९ मध्ये काय झालं ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. संग्रहालयाचा उपाध्यक्ष वॉरन कँडर्स, त्याची कंपनी अश्रुधूर विकणारी. मायकेल राकोविट्झ या कलाकाराने तिथल्या मोठ्या सामूहिक प्रदर्शनातून सुरुवातीलाच नाव काढून घेतलं. 'फोरेन्सिक आर्किटेक्चर' या गटाने उलट केलं, आत राहून कँडर्सच्याच कंपनीच्या अश्रुधुराच्या नळकांड्यांवर फिल्म केली आणि त्याच प्रदर्शनात दाखवली. पुढे जुलैमध्ये आठ सहभागींनी आपली कामं काढून घ्या म्हणून सांगितलं, त्यात हा गटही होता. त्यानंतर काही दिवसांतच कँडर्सने राजीनामा दिला. आत राहिलेले बरोबर की बाहेर पडलेले, असा वाद लोक अजून घालतात. मला तो व्यर्थ वाटतो. दोघांकडेही संग्रहालयाला हवी असलेली गोष्ट होती आणि ती कधी द्यायची, कधी काढून घ्यायची हे त्यांनी स्वतः ठरवलं.

छायाचित्रकार नॅन गोल्डिनचंही तेच. वेदनाशामक गोळ्या विकून गब्बर झालेल्या सॅकलर कुटुंबाचं नाव संग्रहालयांवरून उतरावं म्हणून तिने २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाण्यात गोळ्यांच्या बाटल्या टाकल्या. ते छायाचित्र गाजलं. पण लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला तिने सरळ कळवलं होतं, सॅकलरांचे दहा लाख पौंड घेतलेत तर माझं प्रदर्शन विसरा. २०१९ च्या मार्चमध्ये ती देणगी बारगळली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने त्याच वर्षी नाव काढलं, मेट्रोपॉलिटनने २०२१ च्या डिसेंबरात.

आता तुमच्या हातात काय आहे? कागद त्यांचे झाले. ते काही तुम्ही काढून घेऊ शकत नाही. पण उद्घाटनाला 'कलाकार' त्यांना हवाय, नाहीतर मानधन कशाला देतील? तुमचं येणं एवढीच विकाऊ वस्तू तुमच्याकडे उरलीय. यावेळी पावती वहीच्या कागदावर करू नका.

१९७१ मध्ये सेथ सिगेलॉब या प्रदर्शनं भरवणाऱ्या गृहस्थाने एका वकिलाला हाताशी धरून कलाकारांसाठी करारनाम्याचा एक नमुना छापून फुकट वाटला होता. त्यात पुनर्विक्रीच्या नफ्यात १५ टक्के वाटा होता, तो सगळे उचलून धरतात. मला त्यातली दुसरी अट जास्त आवडते, दर पाच वर्षांनी दोन महिने कलाकाराला आपलं काम प्रदर्शनासाठी परत मागता यावं. फार थोड्यांनी तो करार वापरला, कारण तो पुढे केला की गिऱ्हाईक बिचकायचं. हाकेने मात्र सोडला नाही.

---

बाजारभाव:

मास्तरीणबाई, पुस्तकाच्या आवृत्तीचा मुद्दा मान्य. टॅक्सीवाल्यांचं मला खरंच माहीत नव्हतं.

पण एक शंका. अटी घातल्या आणि त्यांनी "बरं, मग राहू दे" म्हटलं तर? दुसरा कलाकार सापडेल त्यांना, भिंतीवरचं काम तसंच राहील.

---

उंबरठेवाली:

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी फोटो मोठा करून बघायचं धाडस होईना.

हातमोजे, लाट आहे. तिसऱ्या आणि आठव्या कागदाच्या खालच्या कडेला स्पष्ट दिसते. मग फोन करून विचारलं तर फ्रेमवाल्याचं बिल त्यांनी पाठवलं, त्यात बिजागरी असंच लिहिलंय. समोर ॲक्रिलिक आहे. स्थिरक मी फवारला नव्हता, त्याने फिकट भाग गडद होतो म्हणून.

बाजारभाव, तुमच्या "राहू दे म्हटलं तर" वर मी पण अडले होते. मग वाटलं, आत्ता तरी माझ्याकडे काय आहे? "राहू दे" म्हणाले तर आहे तिथेच राहीन. आणि लिलाव झाला तिथे वाट्याचा कायदा नाही, तेही तपासलं. पहिला प्रश्न मिटला. मिटला म्हणजे जळजळ गेली असं नाही.

पत्र लिहिलं. मानधन नको म्हटलं. त्याऐवजी: ॲक्रिलिक काढून काच बसवायची. मागच्या नऊ बाजूंचे फोटो काढून त्याच आकारात शेजारच्या भिंतीवर लावायचे. पाच वर्षांतून दोन महिने संच मला प्रदर्शनाला द्यायचा, आणि त्यांनी विकला तर नव्या मालकाकडूनही या अटी लिहून घ्यायच्या. कार्यक्रमात मी फक्त मागचं वाचून दाखवणार, दुसरं काही बोलणार नाही. मानधन नको म्हटल्यावर बहिणीने मला वेड्यात काढलं. बाजारभावही काढतील.

त्यांच्या जनसंपर्क विभागातल्या बाईंचा काल फोन आला. काच मान्य. दोन महिन्यांचं वकिलांकडे गेलंय. फोटोंना भिंत नाही म्हणाल्या, टॅबलेटवर फिरते ठेवू का? मी नाही म्हटलं, त्या "विचारून सांगते" म्हणाल्या. वाचायला किती वेळ लागेल, हेही विचारलं. मी घड्याळ लावून वाचून बघितलं होतं, साडेतीन मिनिटं. "त्यात काही नकारात्मक नाही ना?" मी आजींची ओळ वाचून दाखवली. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे ठीक आहे."

---

हातमोजे:

काच बदलताना फ्रेम आडवी ठेवूनच उघडायला सांगा, उभी अजिबात नाही. ॲक्रिलिक सरळ वर उचलायचं, सरकवायचं नाही. मागचे फोटो त्याच वेळी काढून घ्या, पुन्हा उघडायला लावू नका. पेन्सिल फिकट झाली असेल तर दिवा कागदाला जवळजवळ समांतर धरा. तिरक्या उजेडात टोकाचा दाब दिसतो, शिसं गेलं असलं तरी.

मानधनाचं मला पटलं नाही. माझ्यासारख्या फ्रेम उघडणाऱ्याला कुणी कधी सांगत नाही की अटी मान्य करतो, पैसे सोड. पण तुमची मर्जी.

---

उंबरठेवाली:

मर्जी नाही हो, भीती. पैसे घेतले असते तर अटी ठामपणे बोलता आल्या नसत्या मला. पुढच्या वेळी दोन्ही मागेन.

तिरक्या दिव्याचं फार बरं सांगितलंत. सातव्या कागदाच्या माझ्या जुन्या फोटोत त्या मुलाने लिहिलेला आकडा नीट लागत नाही. एकशे दहा की एकशे सोळा? शेवटचं शून्य आहे की सहाची शेपटी पुसट झालीय, कळत नाही. काल त्याचा नंबर मिळवून फोन केला. आता कॉलेजात जातो, आवाज फुटलाय. आपण असं काही लिहिलं होतं हे त्याला आठवतच नव्हतं. फ्रेमा कधी उघडणार ते विचारलं आणि म्हणाला, मी येतो.